चरबी घडवणारे जनुक ‘गप्प’ कसे करतात?

शरीरातल्या बहुतेक निरोगी पेशी लागणारी चरबी रक्तातून घेतात. स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक पेशी मात्र ती स्वतःच तयार करतात आणि त्यासाठी एफएएसएन हे जनुक जोरात चालवतात. त्यापासून बनणारे विकर १६ कार्बनचे पामिटिक आम्ल घडवते. हे जनुक गप्प केले तर गाठीची वाढ थांबेल का?

हे तपासायला बऱ्याचदा लेंटिव्हायरस वापरतात, तोही एचआयव्हीपासून बनवलेला. ऐकून दचकायला होते; पण त्याची स्वतःच्या प्रती काढायची जनुके आधीच काढून टाकलेली असतात. तो पेशीत शिरतो, सोबत आणलेला मजकूर तिच्या डीएनएत जोडतो आणि तिथेच थांबतो. त्या मजकुरातून केसांच्या पिनेसारखा दुमडलेला छोटा आरएनए बनतो. पेशीतले डायसर हे विकर त्यातून सुमारे २१ अक्षरांचा तुकडा कापते. त्याचा एक धागा एफएएसएनचा संदेशवाहक आरएनए हुडकतो आणि तो नष्ट होतो. जनुक जागेवरच राहते, निरोप मात्र फारसा पोचत नाही. आरएनएची ही करामत अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवली; २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

खरी अडचण पुढे आहे. पेशी मेल्या तरी चरबीअभावीच मेल्या कशावरून? तुकडा भलत्याच संदेशाला चिकटला असेल. म्हणून एकाच जनुकावर दोन-तीन वेगळे तुकडे वापरतात, शिवाय कशालाच न जुळणारा एक. मग पेशींना बाहेरून पामिटिक आम्ल देतात. त्या सावरल्या, तर संशय बराच फिटतो. पेशी वाढवायच्या द्रवातल्या सीरममध्येही चरबी असते. हे विसरले, तर जनुक गप्प करूनही पेशी मजेत वाढताना दिसू शकतात.