सांज झाली की मागे फिरा

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये शनिवारी रात्री चार लॅपटॉप उघडतात. खेळ ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’. 2003 साली डेव्हिड व्हाइट यांनी तो सुरू केला. फुकट मिळतो आणि जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतो. दोघांविरुद्ध दोघे बसतात. एकानं आपली सगळी प्यादी हलवायची, मग पुढच्यानं. तोवर बाकीच्यांनी चहा, चिवडा आणि टोमणे.

नकाशा षटकोनी खणांचा. मागून डोकावणाऱ्याला ही नुसती मारामारी वाटते, पण खेळणाऱ्याचं अर्धं लक्ष पडद्यावरच्या सूर्याकडे असतं. सहा पाळ्यांचा एक दिवस: पहाट, सकाळ, दुपार, सांज आणि रात्रीचे दोन प्रहर. माणसांच्या फौजेचा जोर दिवसा 25 टक्क्यांनी वाढतो, रात्री तेवढाच घटतो. ऑर्क नावाच्या राक्षसांचं बरोबर उलटं. भालदार 7 चे तीन वार करतो; ते दुपारी 9 चे होतात, रात्री 5 चे. ऑर्क शिपायाचे वार दोनच, 9 चे. रात्री 11, दिवसा 7. सगळे वार लागले तर दुपारी हिशेब 27 विरुद्ध 14, आणि मध्यरात्री 15 विरुद्ध 22. प्यादी तीच, खण तेच.

म्हणजे सांज झाली की माणसांनी मागे सरकायचं. मी हे जोडीदाराला सांगितलं तेव्हा त्याचा भालदार एका गावात बसला होता आणि समोरच्या गवतात एक ऑर्क शेवटचे 4 प्राण राखून उभा होता.

“एकच वार. मेला की आलोच.”

मोह समजण्यासारखा आहे. असा ऑर्क मारला की प्याद्याला अनुभवाचे 8 गुण मिळतात. पण ऑर्कला गाठायला भालदाराला गाव सोडून गवतात उतरावं लागलं. गवतातल्या प्याद्यावर वार लागण्याची शक्यता 60 टक्के, गावातल्यावर 40. ऑर्क गवतातच, वार तीन, त्यातला एक लागला तरी पुरे. तिन्ही हुकायची शक्यता जेमतेम 6 टक्के. तिन्ही हुकले.

पुढची पाळी समोरच्या ताईची. पहिला प्रहर लागला, तिचे तीन ऑर्क तीन बाजूंनी आले, भालदार गेला आणि गावही गेलं. “दादा, चहा गार होतोय,” एवढंच ती म्हणाली.

जोडीदार अर्धा तास नशिबाला बोल लावत होता. मला ते पटत नाही. 1824 साली प्रशियाच्या अधिकाऱ्यांना शिकवायला आणलेल्या युद्धखेळातही फासे होतेच. लढाईत नशीब असतं हे धरूनच चालायचं. आणि तो ऑर्क मेला असता तरी भालदार रात्रीच्या तोंडावर गवतातच उघडा उभा राहिला असता. चूक फाशांची नव्हती, खणाची होती.

नीट घेतलेली माघार बघण्यासारखी असते. या खेळात शत्रूला लागून असलेल्या खणात पाऊल पडलं की थांबावंच लागतं. त्यामुळे दोन प्याद्यांमध्ये दोन-दोन खण मोकळे सोडून रांग लावली, तरी मधून कुणी एका पाळीत पार होत नाही. रांगेमागच्या गावांत जखमी बसतात, दर पाळीला 8 प्राण परत मिळवतात. एकट्यानं खेळताना हे जमून जातं. दोघांच्या फौजांची मिळून एकच रांग लावायची म्हटलं की कस लागतो. “तू नदी धर, मी टेकडी” यावर आमच्यात खेळापेक्षा जास्त घासाघीस होते.

पुण्यात बसून खेळताना 5 एप्रिल 1663 आठवणारच. लालमहालावरचा छापा रात्री पडला हे सगळे रंगवून सांगतात. काम होताच मंडळी तिथून निसटली, थांबली नाहीत, हे सांगताना मात्र आवाज खाली येतो.

नव्यानं बसणाऱ्यांना घोडेस्वार फार खुणावतो. त्याच्या धडकेत दुप्पट मार देता येतो, पण दुप्पट खावाही लागतो; आणि समोर भालदार असेल तर पहिला वार भालदाराचा. घोडेस्वाराला 23 मोहरा पडतात, भालदाराला 14. सुरुवातीला भालदारच घ्या.