बांबूचे धनुष्य आणि पोराचा खांदा

पोंभुर्ण्याच्या जंगलात बांबूच्या दोन जाती सर्वांच्या ओळखीच्या आहेत, मानवेल आणि कटांग. मानवेल जवळजवळ भरीव असतो. बांबूचे चिवट तंतू सालीजवळ दाट आणि आत विरळ असतात, म्हणून चांगले धनुष्य करणारा साल फारशी तासत नाही. गोंड-माडिया धनुष्याला दोरीही पुष्कळदा बांबूच्याच कामटीची असते. सुताच्या दोरीसारखी ती पावसाने सैल पडत नाही, मात्र बोटांना ती चांगलीच कापते.

मुघल-मराठा काळातली कमान वेगळ्या जातीची. मध्ये लाकूड, धनुर्धराकडच्या बाजूला म्हशीचे शिंग, पुढच्या बाजूला जनावराच्या कंडरा आणि हे सगळे सरसाने चिकटवलेले. शिंग दाब सोसते, कंडरा ताण सोसते. शरीरात हाड आणि कंडरा हीच वाटणी करतात. त्यामुळे ही कमान आखूड असूनही जोरकस असे व घोड्यावरून चालवता येई. दोरी ओढायची ती अंगठ्याने, त्यात अंगठी घालून. पण सरस ओलाव्याने सुटतो. आपल्या चार महिन्यांच्या पावसात बांबूच बरा!

इंग्लंडचे माणसाएवढे लांब धनुष्य यू झाडाच्या लाकडाचे. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ जहाज १९८२ मध्ये वर काढले, त्यातल्या धनुष्यांचा ताण ४५ ते ८० किलोंच्या घरात असल्याचा अंदाज आहे. जहाजावरच्या सांगाड्यांत खांद्याच्या फऱ्याचे टोक न जुळलेले बऱ्याच जणांत आढळले. हे टोक साधारण अठरा ते पंचवीस या वयात मूळ हाडाला जुळते. ते जुळले नाही याचे कारण पोरवयापासूनचा जबर सराव असावा, असे अभ्यासकांना वाटते.

हे आज सांगायचे कारण आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, धनुष्य खेळात आले. ‘इंडियन राउंड’ प्रकारात बांबूच्याच धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर नेम धरतात. ऑलिंपिकच्या रिकर्व्हमध्ये अंतर ७० मीटर. कंपाउंडमध्ये दोरी पूर्ण ओढली की ताणाचा मोठा हिस्सा कप्प्या उचलतात, खांदा निवांत होतो. बांबूत ही सवलत नाही. जितके ओढाल तितके जड. रिकर्व्हच्या पात्रता फेरीत ७२ बाण असतात. १८ किलोचे धनुष्य असेल तर एका फेरीत जवळपास १,३०० किलो ओढले गेले!

म्हणून मोठ्या भावाचे धनुष्य बारा वर्षांच्या पोराच्या हाती देणे चूक. ओढताना अंग मागे कलत असेल, हात थरथरत असेल, तर धनुष्य जड आहे. ओढ दंडाने नव्हे, पाठीच्या स्नायूंनी घ्यायची. बाण न लावता दोरी सोडू नये. सारी शक्ती बांबूत परतते, तो फुटतो आणि चिलपा डोळ्यात जाऊ शकतो.

केस विंचरताना किंवा त्या कुशीवर झोपताना खांदा दुखू लागला, तर सराव थांबवून दवाखान्यात दाखवावे. एक्स-रेत फऱ्याचे टोक सुटे दिसले म्हणून लगेच घाबरू नये; कोवळ्या वयात ते तसेच दिसते.