जखमी सैनिकांचे पुनर्वसन : बीड जिल्ह्यातील कुटुंबांच्या संदर्भात एक विवेचन

सेवेत जायबंदी झालेल्या सैनिकाविषयीची चर्चा बहुधा वीरगौरवापाशी थांबते. तो घरी परतल्यानंतर काय होते, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात त्या काळाचा विचार केला आहे.

उपचारांच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली व पुढे खडकीस गेली. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, तर मज्जारज्जूस इजा झालेल्यांसाठीचे खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ चे आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गंभीर जखमी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहणे सुरू केले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्रीसाठी मात्र २०१८ उजाडावे लागले!

खरी अडचण कागदपत्रांची आहे. अपंगत्व सेवेमुळे आले की नाही, हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि निवृत्तिवेतनातील अपंगत्वाचा घटक त्या नोंदीवर अवलंबून असतो. धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसल्यास जवान निरोगी होता असे गृहीत धरावे. आजार सेवेमुळे झाला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची. दावा अंतिमतः फेटाळला गेल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे सर्वसाधारणपणे सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो.

ही सहा महिन्यांची मुदत बीडकडे पाहताना वेगळी भासते. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच असतो. कार्यालयात खेपा घालणारा धडधाकट भाऊ दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या फडावर गेला, तर जखमी जवान वृद्ध आईवडिलांच्या भरवशावर राहतो. शंभर टक्के अपंगत्व असणाऱ्यास वैद्यकीय शिफारशीने सतत परिचर भत्ता मिळू शकतो. परंतु परिचर्या करणारी व्यक्तीच स्थलांतरित असेल, तर भत्त्याने प्रश्न अर्धाच सुटतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या कामी मार्गदर्शन करते, मात्र ते जिल्ह्याच्या ठिकाणी असते. गावपातळीवर आपली महाविद्यालये पोहोचू शकतात. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी निधी जमा करणाऱ्या राष्ट्रीय छात्र सेनेच्या विद्यार्थ्यांनी त्याच गावांत माजी सैनिकांची सेवामुक्तीची कागदपत्रे व वैद्यकीय मंडळाचा अहवाल घरी आहे का, एवढे तरी विचारावे. प्रत हरवली असल्यास ती अभिलेख कार्यालयाकडून मागविण्याचा अर्ज लिहून देणे पदवीच्या विद्यार्थ्यास अवघड नाही.