पोट साफ होत नाही म्हणून लोहाच्या गोळ्या सोडू नका

आजचा विषय बैठकीत कुणी मोठ्यानं काढत नाही. बैठक संपली, सतरंजी गुंडाळली की एखादी जवळ येऊन हळूच विचारते, "ताई, तीन-तीन दिवस संडासला साफ होत नाही, काय घेऊ?" आणि तिच्यामागं आणखी दोघी थांबलेल्या असतात. म्हणून आज रेडिओवरच बोलू.

रोज झालंच पाहिजे असा नियम नाही. एकीला दिवसातून दोनदा होतं, दुसरीला एक दिवसाआड, दोन्ही ठीक. पण आठवड्यात तीन वेळांपेक्षा कमी होत असेल, खडा होत असेल, कुंथावं लागत असेल, होऊनही पोट जड वाटत असेल, तर ती बद्धकोष्ठता.

खडा होतो कसा? आपलं मोठं आतडं मळातलं पाणी शोषून घेतं. मळ जितका वेळ आत राहील तितका कोरडा होतो. आता आपला दिवस बघा. खुरपणीला गेलं की आडोसा नाही. घरी संडास आहे, पण पाण्याची बादली लांबून आणायची. मग आपण पाणीच कमी पितो आणि कळ आली तरी अंधार पडेपर्यंत दाबून धरतो. असं वर्षानुवर्षं दाबलं की कळ जाणवायचीच कमी होते. तिथं नुसतं चूर्ण किती पुरणार? ग्रामसभेत संडासाच्या पाण्याचा विषय काढणं हासुद्धा यावरचा उपाय आहे, असं आम्हांला वाटतं.

दुसरं कारण लोहाच्या गोळ्या. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस लाल गोळ्या मिळतात, बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. या गोळ्यांनी काहींना खडा होतो, शी काळी होते. बाई घाबरते आणि गोळ्या डब्यात ठेवून देते. आशाताईंना सांगते, "घेते की रोज." पण काळा रंग लोहाचा असतो, त्यानं काही बिघडत नाही. अंगात रक्त कमी असताना बाळंतपण झालं आणि रक्तस्राव झाला, तर जिवावर बेततं. म्हणून गोळी सोडायची नाही, त्रास कमी करायचा. गोळी रात्री जेवणानंतर घ्या. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. तरी त्रास होत असेल तर नर्सताईंना सांगा, गोळी बदलून मिळू शकते.

आणि मिश्री. "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. खोटं नाही ते, तंबाखूतल्या निकोटिननं आतडं हलतं. पण तोंडाचा कर्करोग त्याच तंबाखूनं होतो आणि गरोदरपणात बाळाचं वजन कमी भरतं. तेच काम सकाळी उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी करू शकतं. पोटात काही गेलं की आतडं आपोआप हलतं. त्यामुळं चहा-न्याहारीनंतर दहा मिनिटं, कळ असो नसो, संडासला जाऊन बसायचं. सवय लागायला दोन-तीन आठवडे द्या.

जेवणात पीठ फार बारीक चाळू नका, कोंडा राहू द्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, बियांसकट पेरू. रात्री भिजवलेले मनुके सकाळी पाण्यासकट खा. सगळं एकदम वाढवलं तर पोट फुगतं, हळूहळू वाढवा.

एवढं करूनही भागलं नाही तर औषध. सगळी औषधं एकसारखी नसतात, हे नीट ऐका. इसबगोल पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ करतो. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचा, वर आणखी एक पेला पाणी. कोरडा फक्की मारली तर घशात अडकतो. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवायचा.

सोनामुखी वेगळी. ती आतड्याला चाबूक मारते. रात्री घेतली की सकाळी होतं, कधी मुरडाही येतो. बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत हीच असते, पाकिटावर वाचा किंवा मुलीकडून वाचून घ्या. अडीनडीला चार-दोन दिवस ठीक. वर्षानुवर्षं रोज चमचा घ्यायची ही गोष्ट नाही.

एरंडेलाबद्दल आम्ही स्पष्टच बोलतो. गरोदर बाईनं घ्यायचं नाही, त्यानं गर्भाशयाला कळा सुरू होऊ शकतात. तान्ह्या बाळालाही पाजू नका, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी. गरोदरपणात चालणारी, मळ मऊ करणारी औषधं दवाखान्यात मिळतात, ती विचारून घ्या.

शीतून रक्त पडत असेल, लोहाची गोळी चालू नसताना शी डांबरासारखी काळी चिकट होत असेल, वजन उतरत असेल, किंवा पन्नाशीनंतर अचानक हा त्रास सुरू झाला असेल, तर घरगुती उपायांत महिना घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. मूळव्याधच असेल असं आपणच ठरवायचं नाही. आणि पोट फुगलंय, जोराची कळ आहे, उलट्या होताहेत, वारासुद्धा सरत नाही, अशा वेळी जुलाबाचं काहीही देऊ नका. आतडं अडकलेलं असू शकतं. १०८ ला फोन लावा आणि बाईला दवाखान्यात न्या, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.