संगणकाची घरघर आणि शेजारधर्म



आज नभोवाणीवरून नभोवाणीच्याच एका शत्रूविषयीं बोलावयाचें आहे. सायंकाळीं मध्यम लहरीवर बातम्या लावाव्या आणि निवेदकाच्या शब्दांवर भुंग्याच्या गुणगुणीसारखी एकसारखी घरघर पसरावी, हा अनुभव शहरांतील पुष्कळ श्रोत्यांस आहे. रेडिओ बिघडला असें समजून लोक तो दुरुस्तीस नेतात. पण तो बहुधा निर्दोष असतो. पुष्कळदां ही घरघर उत्पन्न होते ती आपल्याच घरांतील, किंवा भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडांतील, संगणकाला वीज पुरविणाऱ्या पेटींत. ती तेथें कां उत्पन्न होते, कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत येते आणि ती कमी कशी करावी, हें आपण क्रमानें पाहूं.

भिंतींतील वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिचें आवर्तन सेकंदास ५० वेळां होतें. संगणकाच्या आंतील भागांना मात्र १२, ५ किंवा ३.३ व्होल्टांचा, आणि तोहि एकाच दिशेनें वाहणारा, प्रवाह लागतो. पूर्वीं हें काम लोखंडी गाभ्याचा ट्रान्स्फॉर्मर करीत असे. तो शांत होता, परंतु अवजड होता. नव्या पद्धतींत वीज प्रथम एकदिश करून सुमारें ३२५ व्होल्टांचा सांठा करितात, आणि मग एक ट्रान्झिस्टर तो सांठा सेकंदास साठ हजार, लाख किंवा त्याहूनहि अधिक वेळां चालू-बंद करितो. मोट मोठी असावी लागते, कारण ती थांबून थांबून विहिरींत उतरते. परंतु सेकंदास हजारों वेळां बुडणारी वाटी मिळाली तर तेवढेंच पाणी वाटीनेंहि निघेल. याच न्यायानें ट्रान्स्फॉर्मर लहान झाला आणि पेटी हलकी झाली. १९७७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ॲपल-टू या संगणकासाठीं रॉड होल्ट यांनीं असाच वीजपुरवठा तयार केला होता. आज ही पद्धत सार्वत्रिक आहे.

या हलकेपणाबरोबर एक उपद्रव मात्र आला. विजेच्या दाबांत एकाएकीं बदल झाला कीं त्यांतून विद्युत्-लहरी निघतात. १८८७-८८ सालीं जर्मनींतील कार्ल्सरूह येथें हाइनरिख हर्ट्झ यांनीं ठिणग्या पाडून हीच गोष्ट प्रयोगानें दाखविली. संगणकाच्या पेटींत ठिणगी दिसत नाहीं, परंतु शेंकडों व्होल्टांची उडी सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनहि कमी वेळांत, आणि तीहि सेकंदास लाख वेळां, घेतली जात असते. तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे षड्जाबरोबर वरचे स्वरहि तींतून निघतात, हें गाणाऱ्यांस ठाऊक आहे. तसेंच येथें घडतें. मूळ कंपन १०० किलोहर्ट्झ असेल तर २००, ३००, ४०० असे त्याच्या पटींचे स्वरहि उठतात. आपल्या देशांत मध्यम लहरीचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ असा आहे. तेव्हां ६०० पासून १६०० पर्यंतचे अकरा स्वर एकट्या या पेटींतून त्या पट्ट्यांत येऊन पडूं शकतात. शिवाय भिंतींतील विजेच्या चढउताराची छाया त्यांवर सेकंदास १०० वेळां पडते. म्हणून आपल्याला नुसती शीळ ऐकूं न येतां घरघर ऐकूं येते.

ही घरघर हवेंतून थेट येते असा सर्वसाधारण समज आहे. मध्यम लहरीपुरतें तरी हें अर्धेंच खरें आहे. पेटीचें पत्र्याचें आवरण लहरींना बरेंच अडवितें. बाहेर पडतात त्या मुख्यतः तारांवरून. त्यांच्या वाटा दोन. पहिली फेजवरून जाऊन न्यूट्रलवरून परत येणारी. दुसरी अधिक कपटी आहे. ट्रान्झिस्टर आणि पत्रा हे इतके जवळ असतात कीं त्या दोहोंचा मिळून नकळत एक लहानसा कंडेन्सर बनतो. त्यांतून लहरी पत्र्यावर उतरतात, आणि फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांवरून एकाच दिशेनें धावून अर्थिंगच्या वाटेनें वळसा पुरा करितात. या प्रकारांत इमारतीचें सारें वायरिंग एरियलसारखें वागतें. तळमजल्यावरील संगणकाची घरघर तिसऱ्या मजल्यावर ऐकूं येते ती यामुळेंच.

चांगल्या पेटींत या दोन्ही वाटांवर पहारा असतो. फेज व न्यूट्रल यांच्या दरम्यान बसविलेला कंडेन्सर पहिल्या प्रकारच्या लहरींना तेथल्या तेथें परत फिरवितो. दुसऱ्या प्रकारासाठीं दोन्ही तारा एकाच फेराइट कड्यावर गुंडाळतात. संगणकाचा नेहमींचा प्रवाह एका तारेनें जातो व दुसरीनें येतो. त्यामुळें त्यांचें चुंबकत्व परस्परांस मारतें आणि त्या प्रवाहाला अडथळा होत नाहीं. दोन्ही तारांवरून एकाच दिशेनें निघालेल्या लहरींना मात्र तें कडें जोरानें अडवितें. शेवटीं प्रत्येक तारेपासून अर्थिंगकडे एकेक लहान कंडेन्सर लावून उरलेल्या लहरींना पत्र्यावरूनच माघारीं धाडतात.

नियमांचीहि उणीव नाहीं. नभोवाणीला होणाऱ्या अशा उपद्रवाचा विचार करणारी आंतरराष्ट्रीय समिति १९३४ सालींच स्थापन झाली, आणि १९७९ सालीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें संगणकांवर मर्यादा घातल्या. घरगुती यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेप्रमाणें ५०० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत विजेच्या तारेवर येणारी घरघर सुमारें ६३० मायक्रोव्होल्टांच्या, म्हणजे एका व्होल्टाच्या सोळाशेंव्या भागाच्या, वर जातां कामा नये. परंतु अगदीं स्वस्तांतली पेटी उघडली तर फेराइट कड्याच्या जागीं कित्येकदां नुसते तारेचे दोन तुकडे जोडलेले आढळतात. घेणाऱ्याचे थोडे पैसे वांचतात. त्याची भरपाई शेजारी आपल्या कानांनीं करितो.

अर्थिंगची गोष्ट याहून गंभीर आहे. तीन पिनांच्या प्लगांतील जाड पिन निरुपयोगी समजून जे लोक दोन पिनांचा जोड वापरतात, ते या पहाऱ्यांतील एक पहारेकरी काढून टाकतात. अर्थिंग तुटलें कीं ते दोन लहान कंडेन्सर पत्र्याला भिंतींतील दाबाच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारें ११५ व्होल्टांवर, नेऊन ठेवितात. पेटीला हात लागतांच मुंग्या येतात त्या यामुळें. त्या मुंग्यांनीं सहसा इजा होत नाहीं. परंतु आंतील एखाद्या तारेचें आवरण उद्यां फाटलें तर जीव वांचविणारी वाट उरलेली नाहीं, हाच त्यांचा अर्थ होय. म्हणून पहिलें काम वायरमनकडून अर्थिंग तपासून घेण्याचें.

मग चोर ओळखावा. सेलवर चालणारा लहान रेडिओ दोन केंद्रांमधील मोकळ्या जागीं लावावा आणि संगणक बंद करावा. संगणक स्वतःच्या कळीनें बंद केला तरी पेटींतील एक लहान विभाग जागाच राहतो. यास्तव भिंतीवरचें बटणहि बंद करावें. घरघर न थांबल्यास मोबाइलचे चार्जर व एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहावे, कारण त्यांतील पुष्कळ त्याच जातीचे आहेत.

चोर संगणकच ठरला तर रेडिओ त्यापासून दोन-तीन मीटर दूर ठेवावा, विजेवर चालत असल्यास निराळ्या बोर्डावर लावावा, आणि सावकाश फिरवून पाहावा. आंतील फेराइट दांड्याच्या एरियलला दिशा असते. केंद्र ऐकूं येतें पण घरघर मंदावते अशी स्थिति पुष्कळदां सांपडते. त्यानें न भागल्यास मँगॅनीज-जस्त जातीच्या फेराइटचें मोठें कडें घ्यावें, आणि संगणकाची सबंध वीजतार त्यांतून शक्य तितके फेरे देऊन पेटीच्या अगदीं जवळ न्यावी. फेऱ्यांचा परिणाम त्यांच्या वर्गाच्या मानानें वाढतो: तीन फेऱ्यांनीं सुमारें ९ पट, सहांनीं सुमारें ३६ पट. तारेवर एकदां चिमटविण्याची लहान फेराइट गोळी बहुधा अधिक उंच कंपनांसाठीं असते. मध्यम लहरीवर तिचा फारसा उपयोग नाहीं. शेवटचा उपाय म्हणजे ठरलेल्या मर्यादा पाळणारी चांगली पेटी बसविणें. जुनी पेटी स्वतः मात्र उघडूं नये. प्लग काढल्यावरहि तिच्यांतील ३२५ व्होल्टांचा सांठा कांहीं वेळ तसाच असतो.

घरघर ज्याच्या यंत्रांतून निघते त्याला ती क्वचितच ऐकूं येते, कारण संगणकासमोर बसलेला मनुष्य त्या वेळीं मध्यम लहर ऐकत नसतो. म्हणून शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन जाऊं नये, रेडिओ घेऊन जावा. त्याचें बटण त्यानेंच एकवार बंद करावें आणि त्या क्षणीं मोकळा झालेला निवेदकाचा आवाज त्यानेंच ऐकावा. पुढचें बोलणें मग सोपें होतें.