सेमीच्या पाटीमागची इंग्रजी

जून 2000 मध्ये महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. तोवर ती थेट पाचवीत भेटायची. तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या या निर्णयावर बरेच रान उठले. पंचवीस वर्षांनी अहिल्यानगर जिल्ह्यात चित्र उलटे आहे. आता पालकच गुरुजींना विचारतात, ‘सेमी आहे का?’ नसेल तर पोर खासगी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसते आणि झेडपीच्या शाळेचा पट घसरतो. म्हणून अनेक शाळांवर ‘सेमी इंग्रजी’ची पाटी लागली. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून.

पाटी लावणे सोपे. शिकवायचे कुणी?

वाडी-वस्तीवरची शाळा बहुधा द्विशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक बसतात. एकेकाकडे दोन-तीन वर्ग, सगळे विषय, वर पोषण आहाराचा हिशेब. गुरुजींचे स्वतःचे डी.एड. बहुतेकदा मराठीतूनच झालेले. मुलाच्या कानावर पडणारी इंग्रजी म्हणजे गुरुजींची इंग्रजी, तेवढीच. ‘असर’च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या चार मुलांमागे जेमतेम एकाला ‘व्हॉट इज द टाइम?’ इतकी सोपी वाक्ये वाचता आली. दोष मुलांच्या डोक्यात शोधू नये.

पहिलीची इंग्रजी ठरवताना धोरण शहाणपणाचे होते. आधी ऐकायचे, मग बोलायचे. लिहिण्याची घाई नाही. गाणी म्हणायची, ‘स्टँड अप’ ऐकले की उभे राहायचे. मराठीतून समजावायला मज्जाव नव्हता. पण वर्गात पुष्कळदा उरते ती घोकंपट्टी: फळ्यावर स्पेलिंग, पाच वेळा लिहा, उद्या पाठ करून या.

खरे तर नगरच्या पोराकडे इंग्रजी शब्दांचा तुटवडा नाही. दूध संकलन केंद्रावर आज फॅट किती लागली, ‘एसएनएफ’ का घसरले, हे त्याला ठाऊक असते. विहिरीवरची मोटर, तिचा स्टार्टर, ड्रिपचा व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरची ट्रॉली हे शब्द तो रोज बोलतो. हुशार शिक्षक इथूनच धागा धरतो. ‘द फॅट इज लो टुडे’ हे वाक्य दूधवाल्याच्या मुलीला कुठल्याही ‘ए फॉर ॲपल’पेक्षा लवकर उमजेल, तिच्या घरचा दुधाचा पगार त्यावर ठरतो.

काही मुलांची वाट मात्र दुहेरी चढाची आहे. अकोले तालुक्यातल्या ठाकरवाडीतले मूल ठाकरी बोली घेऊन येते, तांड्यावरचे गोरमाटी. पुस्तकातली प्रमाण मराठी हीच त्यांना शिकावी लागणारी नवी भाषा, इंग्रजी त्यापुढची. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात. हंगामी वसतिगृहात किंवा नातलगांकडे राहिलेली मुले शाळेत टिकतात. टोळीबरोबर गेलेल्यांचे निम्मे वर्ष उसाच्या फडात जाते.

घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा प्रश्न अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांतल्या मुलांना इंग्रजी येत नव्हते आणि शाळा त्यांना वेगळी मदत देत नव्हती. 1974 साली, ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात, न्यायालय म्हणाले की सगळ्यांना तीच पुस्तके नि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली, असे होत नाही. भाषा न कळणाऱ्याला शिक्षणाचे दार बंदच राहते. तिथे इंग्रजीचा शेजार तरी असतो. आपल्याकडे तोही नाही, म्हणून शिक्षकाला आधार देणे हाच मुलाला आधार देण्याचा पहिला मार्ग.

नगरला हे नवे नाही. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे इथेच, मिस सिंथिया फरार यांच्याकडे घेतले, आणि 1854 च्या ‘काव्यफुले’त त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रहही धरला. आधी शिक्षिका घडली, मग शाळा. अलीकडे 2016 पासून ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात, राज्यातल्या निवडक जिल्ह्यांत, शिक्षक गटागटाने जमून एकमेकांशी इंग्रजीत बोलत, वर्गात वापरायचे उपक्रम आधी स्वतः करून पाहत. असे गट प्रत्येक केंद्रात नियमित हवेत. एखाददुसऱ्या दिवसाच्या भाषणबाजीच्या प्रशिक्षणाने काहीही साधत नाही.

गावाच्या हातीही बरेच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा ‘सेमी आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. गुरुजींना इंग्रजीचे प्रशिक्षण शेवटचे कधी मिळाले, वाचनालयात चित्रांची सोपी इंग्रजी पुस्तके किती आणि ती मुलांच्या हातात पडतात का, हे विचारा. आणि उत्तर आराखड्यात लिहून घ्या.