नक्कावागूच्या पाण्यातले जिवाणू

हैदराबादजवळच्या पटनचेरूला औषधांचा कच्चा माल बनतो. तिथल्या सुमारे ९० कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात येत असे. स्वीडनचे संशोधक योआकिम लार्सन यांच्या चमूने तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी तपासलं. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले: लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक! गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं औषध नसतं. दिवसाला अंदाजे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन वाहून जात होतं. अख्ख्या स्वीडनला ते पाच दिवस पुरलं असतं.

खरी गोम प्रक्रियेच्या टाकीत आहे. सांडपाण्यातली घाण खाऊन टाकायला तिथे जिवाणूच वाढवतात. ते जोमाने वाढावेत म्हणून घरगुती मैलापाणीही मिसळलं जाई. म्हणजे माणसाच्या आतड्यातले जिवाणू आणि त्यांना मारणारं औषध एकाच टाकीत, तेही रात्रंदिवस. कमजोर मरतात, चिवट उरतात. उरलेल्यांकडे अनेकदा प्लाझमिड असतं, म्हणजे डीएनएचं सुटं, छोटं वर्तुळ. त्यावरची प्रतिरोधाची जनुकं ते शेजाऱ्याला देऊन टाकतात; शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी, लार्सन यांच्यासोबत, अशा प्रक्रिया केंद्रातले जिवाणू वेगळे करून तपासले. २०१३ च्या त्या अभ्यासात सुमारे ८६ टक्के जिवाणू २० किंवा त्याहून अधिक प्रतिजैविकांना दाद देईनात.

औषध एवढं दाट असावं लागतं असंही नाही. मारक मात्रेच्या शेकडो पटींनी कमी औषधातही प्रतिरोधक जिवाणू बाकीच्यांवर मात करतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. तांबं, जस्त यांसारखे धातूही हेच करू शकतात, कारण धातूला तोंड देणारी जनुकं काही वेळा त्याच प्लाझमिडवर असतात.

हे पाणी तिथेच थांबत नाही. पटनचेरूचे नाले नक्कावागू या ओढ्याला आणि नक्कावागू मांजरेला मिळतो. बीडच्या बालाघाटात उगम पावणारी, लातूरची तहान भागवणारी आपली मांजरा तेलंगणातून पुन्हा नांदेडच्या सीमेवर येते आणि गोदावरीत मिसळते.

गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला म्हणून आपण रुग्णाला बोल लावतो. कारखान्याच्या नळातून जाणाऱ्या प्रतिजैविकांना मात्र बंधन नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२० च्या मसुद्यात सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा सुचवल्या होत्या. २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या वगळल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये याविषयी मार्गदर्शिका काढली, पण ती कुणावर बंधनकारक नाही. मसुद्यातल्या त्या मर्यादा केंद्र सरकारने आता नियमांत घ्याव्यात.